दाखला सातवीचा, हिशेब बारावीचा

कर्नाटकाच्या सीमेवर, बेळगाव तालुक्यात, बेळगुंदी-उचगावच्या पट्ट्यातल्या एका गावातून एका वडिलांनी विचारलंय. लेक सातवीत आहे, गावच्या सरकारी मराठी शाळेत. शाळा सातवीपर्यंतच. मुलीच्या आईचं म्हणणं, आता तरी इंग्लिश मीडियमला घालू या. आजीचं म्हणणं, मराठीतच राहू दे. चुलता म्हणतो, शिनोळी-चंदगडकडं घाला, महाराष्ट्राचा दाखला झाला की पुढं बरं पडतं. आणि त्यांचा स्वतःचा प्रश्न असा: "बाई, स्टेट, सीबीएसई, नवोदय, सरकारी, अनुदानित हे नेमकं आहे तरी काय? सगळ्या देशाचा शाळेचा कारभार एकच नाही का?"

एकच नाही की हो. तिथूनच सुरुवात करते.

मी स्वतः सरकारी मराठी शाळांत तेहतीस वर्षं काढली. खानापूर तालुक्यात जंगलाकडच्या दोन शिक्षकी शाळेपासून सुरुवात, मधली चार वर्षं सीआरपी, म्हणजे शाळांच्या पुंजक्याची मार्गदर्शक शिक्षिका म्हणून गावोगाव फिरणं, आणि शेवटी मुख्याध्यापिका. सातवीचे शेकडो दाखले माझ्या सहीनं बाहेर पडले. त्यातली कुठली पोरं कुठं पोचली आणि कुठली मधेच गळाली हे पाहिलं आहे, म्हणून थोडं लांबण लावून सांगते.

आपल्या देशात शिक्षण मुळात राज्यांचा विषय होता. १९७६ सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं तो समवर्ती सूचीत गेला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. तेव्हापासून दिल्ली चौकट आखते आणि राज्य शाळा चालवतं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा दिल्लीचा. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण, आठवीपर्यंत. एनसीईआरटीची पुस्तकं दिल्लीची. समग्र शिक्षा अभियानाचा पैसा शंभरातले साठ केंद्राचे, चाळीस राज्याचे. पण तुमच्या लेकीच्या वर्गात कोण बाई येणार, पुस्तक कुठल्या भाषेत छापणार, दहावीला पेपर कोण काढणार, हे सगळं बेंगळूरहून ठरतं. म्हणून शिनोळीची शाळा आणि तुमची शाळा यांच्यात पायवाटेचं अंतर असलं तरी शाळा सुरू व्हायची तारीखसुद्धा जुळत नाही. आपल्याकडं मोठी सुट्टी दसऱ्याची, त्यांच्याकडं दिवाळीची. माहेरवाशिणींना विचारा, दोन्हीकडच्या भाचरांची गाठ सुट्टीत पडत नाही.

शाळा कुठलीही असो, तीन गोष्टी विचारायच्या. पगार कोण देतं, पुस्तक कोण छापतं, परीक्षा कोण घेतं. ही तीन उत्तरं मिळाली की पाटीवर काय लिहिलंय याला फारसं महत्त्व उरत नाही.

तुमच्या गावची शाळा सरकारी. पगार राज्याचा, पुस्तक कर्नाटकाच्या पाठ्यपुस्तक सोसायटीचं, आणि दहावीला परीक्षा कर्नाटक शालेय परीक्षा आणि मूल्यमापन मंडळाची. हे मंडळ अलीकडचं. आधी दहावीचं बोर्ड वेगळं आणि पीयूसीचं, म्हणजे अकरावी-बारावीचं, खातं वेगळं होतं, २०२२ साली परीक्षेचं काम एकत्र केलं. पलीकडं जिल्हा परिषदेची शाळा असते तशी आपल्याकडं नाही. आपल्याकडं शिक्षक राज्य सरकारचा नोकर. म्हणून बदल्यांची, भरतीची फाईल बेंगळूर-धारवाडच्या वाऱ्या करते, आणि मराठी शाळेतली जागा रिकामी पडली की अतिथी, म्हणजे तात्पुरत्या शिक्षकावर वर्ष निघतं.

अनुदानित शाळा म्हणजे संस्था खासगी, पगार सरकारचा. आपल्या भागातली बहुतेक मराठी हायस्कुलं अशीच उभी राहिली. मराठा मंडळ, दक्षिण महाराष्ट्र शिक्षण मंडळ यांसारख्या संस्थांनी खेड्यापाड्यांत आठवी ते दहावीचे वर्ग काढले नसते, तर आमच्या पिढीतल्या अर्ध्या मुली सातवीला थांबल्या असत्या. मी स्वतः त्यातलीच एक. विनाअनुदानित म्हणजे पगारही संस्थेचा, फी तुमची. विनाअनुदानित शाळेत पुस्तक राज्याचंच असू शकतं आणि मग परीक्षाही तीच एसएसएलसी, म्हणजे राज्याची दहावी. पुष्कळ आईवडील 'इंग्लिश मीडियम' आणि 'सीबीएसई' एकच समजतात. तसं नाही. इंग्लिश ही माध्यमाची गोष्ट, सीबीएसई हे बोर्ड.

आता कार्यालयांची उतरंड. बेळगाव जिल्हा मोठा म्हणून त्याचे शिक्षणाचे दोन जिल्हे केलेत. बेळगाव शैक्षणिक जिल्ह्यात बेळगाव शहर, बेळगाव ग्रामीण, खानापूर, बैलहोंगल, कित्तूर, रामदुर्ग, सौंदत्ती. चिक्कोडी शैक्षणिक जिल्ह्यात चिक्कोडी, निपाणी, हुक्केरी, गोकाक, मूडलगी, रायबाग, कागवाड, अथणी. प्रत्येक शैक्षणिक जिल्ह्याला एक डीडीपीआय (शिक्षण उपसंचालक), प्रत्येक ब्लॉकला एक बीईओ (गटशिक्षणाधिकारी), आणि दहा-पंधरा शाळांच्या पुंजक्याला एक सीआरपी. डीडीपीआयच्या वर धारवाडला अपर आयुक्त. तुमचं गाव ग्रामीण बीईओंकडं येतं. शहरातल्या बीईओ कार्यालयात जाऊन रांगेत उभं राहू नका. दरवर्षी पाच-दहा लोक तरी असे चुकतात आणि अर्धा दिवस घालवतात.

हे सीआरपी प्रकरण आपल्याकडं इतर जिल्ह्यांच्या आधी आलं, हे कुणी आता आठवत नाही. १९९४ च्या सुमाराला केंद्राचा जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा कर्नाटकातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत बेळगाव होतं. बाकीचे कोलार, मंड्या आणि रायचूर. त्या वेळी नव्या खोल्या झाल्या, मुलींची पटनोंदणी घरोघरी जाऊन केली, आणि मास्तरांच्या महिन्याच्या बैठका केंद्रावर सुरू झाल्या. खानापूरच्या जंगलातल्या शाळांना तेव्हाच पहिल्यांदा पक्कं छप्पर मिळालेलं मी पाहिलंय.

पुढचा भाग या सगळ्यात महत्त्वाचा. शाळेच्या व्यवस्थेत मुलं वर्गात गळत नाहीत, सांध्यावर गळतात. आपला एक सांधा सातवी-आठवीचा, दुसरा दहावी-अकरावीचा.

सातवीला शाळा का संपते? कायद्यानं तर आठवीपर्यंत प्राथमिक. याचं उत्तर जुनं आहे. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत आपण मुंबई राज्यात. मुंबई इलाख्यात प्राथमिक शाळा सातवीपर्यंत आणि शेवटी व्हर्नाक्युलर फायनल. सातवी फायनल झालेला माणूस मास्तर, तलाठी व्हायचा. आमच्या आजोबांच्या पिढीत 'तो फायनल झालाय' म्हणजे आजचं ग्रॅज्युएट. शाळेला लोक 'बोर्डाची शाळा' म्हणत, कारण ती जिल्हा स्कूल बोर्डाकडं होती. राज्य बदललं, म्हैसूरचं पुढं १९७३ साली कर्नाटक झालं, पण इमारती आणि पदं सातवीच्या मापाचीच राहिली, आणि हायस्कूल आठवी ते दहावी. शिक्षण हक्क कायदा आल्यावर काही शाळांना आठवी जोडली, पुष्कळांना नाही. बिदरकडची, म्हणजे भालकी-औरादची गोष्ट थोडी वेगळी, तो भाग निजामाकडून आला. पण तिथली मराठी पोरंही याच सांध्यावर अडखळतात. फरक इतकाच की आपले चुलते चंदगड म्हणतात, त्यांचे उदगीर म्हणतात.

सरकारलाही हा सांधा माहीत होता. आठवीला आल्यावर मुलामुलींना सायकल मिळायची ती उगीच नाही. २००६-०७ पासून ती मिळाली आणि माझ्या डोळ्यादेखत मुलींचं आठवीला जाणं वाढलं. करोनाच्या काळात ती योजना थांबली. २०२३ च्या जूनपासून बायका-मुलींना राज्याच्या बसमध्ये तिकीट नाही, त्यानं ती तूट थोडी भरून निघाली, पण बस शाळेच्या वेळेला आली तर. म्हणून शाळा ठरवण्याआधी बोर्ड पाहू नका, बसचं वेळापत्रक पाहा. सकाळी साडेआठची आणि संध्याकाळी पाचची. हे मी गमतीनं सांगत नाही. आठवीत नाव घालून दिवाळीनंतर घरी बसलेल्या ज्या मुली मी पाहिल्या, त्यातल्या बहुतेकींचं कारण गणित किंवा कन्नड नव्हतं, अंधार पडल्यावर घरी येणं होतं.

आता भाषेचं. मराठी माध्यमाच्या मुलीला दहावीला सहा विषय, एकूण ६२५ मार्क. पहिली भाषा मराठी १२५ मार्कांची, बाकी पाच विषय १०० चे: दोन भाषा, गणित, विज्ञान, समाज विज्ञान. ही पहिल्या भाषेला जास्त मार्कांची पद्धत गोकाक समितीच्या वादळानंतरची आहे. १९८०-८२ च्या त्या काळात पहिली भाषा कन्नडच असावी म्हणून केवढी चळवळ झाली हे जुन्या बेळगावकरांना सांगायला नको. पुढं २०१५ साली कन्नड शिकणं सक्तीचं करणारा कायदा आला. तो सीबीएसईच्या शाळांनाही लागू आहे. म्हणजे इंग्लिश मीडियमला घातलं की कन्नडची कटकट सुटली असं कुणी म्हणत असेल तर त्यांना हे सांगा.

इथं एक बारीक गोष्ट. कन्नड दुसरी भाषा म्हणून घेतली की पुस्तक 'तिळी कन्नड', तिसरी म्हणून घेतली की 'नुडी कन्नड'. नुडी सोपं, तिळी त्याहून वरचं, आणि पहिल्या भाषेचं 'सिरी कन्नड' तर घरात कन्नड बोलणाऱ्या पोरांसाठीचं. ज्या हायस्कूलला घालणार तिथं कन्नड कितवी भाषा आहे हे आधीच विचारा. सातवीपर्यंत एका पातळीवर शिकलेली मुलगी दुसऱ्या पातळीवर जाऊन पडली की पहिल्या चाचणीत नापास होते आणि घरचे म्हणतात, हिचं डोकंच चालत नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर मुलीला जमेल तितकं वरचं कन्नड शिकवा. हे म्हटलं की आमच्याच काही माणसांच्या कपाळाला आठ्या पडतात. पण बीईओ ऑफिसात, बँकेत, दवाखान्यात ज्या मराठी मुलीला कन्नडमध्ये ताठ बोलता येतं तिचं काम अडत नाही, आणि तिची मराठीही कमी होत नाही.

मराठी शाळेचा हक्क घटनेत आहे. कलम ३५० क सांगतं की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक पातळीवर मातृभाषेतून शिकायची सोय राज्यानं करावी. ते कलम १९५६ साली राज्यपुनर्रचनेबरोबरच आलं. पण त्याआधीपासूनचा, १९४९ सालच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेचा एक मापदंड आहे जो गावानं पाठ करून ठेवावा: शाळेत त्या भाषेची ४० मुलं, किंवा एका वर्गात १० असतील तर त्या भाषेतून शिकवायची सोय हवी. म्हणजे शाळा टिकवायची लढाई भाषणात नसते, पटावर असते. पट घसरला की आधी शिक्षक कमी होतो. शिक्षण हक्क कायद्याच्या तक्त्याप्रमाणं पहिली ते पाचवीत साठपर्यंत मुलं असली तर शिक्षक दोनच. दोन शिक्षकांवर पाच वर्ग, म्हणून आईवडील नाव काढतात, आणि मग पट आणखी घसरतो. मी खानापुरात नऊ वर्षं हेच चक्र उलट फिरवायचा प्रयत्न केला. दोन वर्षं फिरलं, मग दोन घरं गोव्याला कामाला गेली आणि पुन्हा थांबलं.

सहावी-सातवीच्या पलीकडच्या केंद्राच्या शाळांचं थोडक्यात उरकते, कारण तुमच्या लेकीचं वय पाहता त्यातलं बरंचसं हुकलेलं आहे. नवोदय विद्यालय आपल्या जिल्ह्याचं कोथळीला, चिक्कोडी तालुक्यात. पाचवीत असताना परीक्षा, सहावीला प्रवेश, जास्तीत जास्त ८० जागा, पाऊणभर जागा खेड्यातल्या मुलांना. राहणं-जेवण फुकट, बोर्ड सीबीएसई. पुढच्या वर्षी आठवीत असताना नववीच्या रिकाम्या जागांसाठी परीक्षा असते, ती द्यायला लावा. जागा मूठभर असतात, पण फॉर्मला काय जातंय. फॉर्ममध्ये परीक्षेची भाषा निवडायची असते. ती स्वतः बसून भरा, सायबर सेंटरच्या पोरावर सोडू नका. केंद्रीय विद्यालयं बेळगावात लष्करामुळं आहेत, बदलीच्या नोकरीवाल्यांना तिथं आधी जागा. राष्ट्रीय मिलिटरी स्कूल १९४५ पासून बेळगावात आहे, संरक्षण खात्याचं. राज्याच्या मोरारजी देसाई निवासी शाळा सहावीपासून, त्याही परीक्षेनं. अलीकडं निघालेल्या कर्नाटक पब्लिक स्कूलमध्ये बालवर्गापासून पीयूसीपर्यंत एकाच आवारात, म्हणजे सांधेच नाहीत. ही कल्पना मला पटते, पण तुमच्या वाटेवर अशी शाळा आहे का आणि तिथं मराठी विभाग आहे का, हे पाहायला हवं.

खासगी शाळेतल्या पंचवीस टक्के फुकट जागांचंही लोक अजून विचारतात. कर्नाटकात २०१९ पासून ती सोय जवळजवळ संपली; ज्या परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा नाही तिथंच ती लागू. तुमच्या गावाला लागू नाही.

आता दुसरा सांधा, दहावी-अकरावी. हा आपण कुणी आठवीत असताना बघत नाही, आणि तिथंच गणित चुकतं. पीयूसीला माध्यम कन्नड किंवा इंग्लिश. मराठी तिथं एक भाषाविषय म्हणून घेता येते, सगळीकडं नव्हे, पण माध्यम म्हणून नाही. त्यामुळं सायन्सला गेलेली मराठी माध्यमाची मुलगी जूनमध्ये एकदम इंग्लिशमध्ये जाऊन पडते. पहिले चार महिने 'फ्रिक्शन' म्हणजे आपलं घर्षणच, हे कळण्यात जातात. आपली दहावीची गणित-विज्ञानाची पुस्तकं एनसीईआरटीचीच भाषांतरित आहेत, म्हणजे मजकुरात फरक नाही, फक्त शब्द बदलतात. म्हणून माझा उपाय स्वस्त आहे. आठवीपासून मराठी पुस्तकाशेजारी तेच पुस्तक इंग्लिशमधलं ठेवा. रोज एक पान. धडा मराठीत समजून घ्यायचा, आणि संज्ञा दोन्ही भाषांत वहीच्या मागं लिहायच्या. ज्या मुलींनी हे केलं त्या पीयूसीला पहिल्या टर्ममध्येच सावरल्या. ज्यांना आठवीलाच इंग्लिश मीडियमला हलवलं, त्यातल्या काही सावरल्या, पण आठवी-नववीची दोन वर्षं विज्ञान समजण्याऐवजी पाठ करण्यात गेली. आठवीला माध्यम बदलणं हा मला सगळ्यात वाईट मुहूर्त वाटतो. बदलायचंच तर पहिलीला किंवा अकरावीला.

चुलत्याच्या चंदगडचं आता. यात भावना बाजूला ठेवून हिशेब करू या.

कर्नाटकात सीईटीतून इंजिनिअरिंगच्या किंवा नीटमधून मेडिकलच्या सरकारी जागा हव्या असतील तर साधारण अट अशी: पहिली ते बारावीत मिळून किमान सात वर्षं कर्नाटकात शिकलेलं हवं, आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक कर्नाटकातून पास हवी. तुमच्या लेकीची सात वर्षं यंदा पुरी होतात. आठवी ते बारावी चंदगडला केली तर सात वर्षं असूनही दुसरी अट तुटते. दहावीपर्यंत चंदगड आणि पीयूसी बेळगावात केली तर दोन्ही जुळतात. पण आणखी एक गोष्ट हातची जाते. कर्नाटकात ग्रामीण भागात पहिली ते दहावी, पूर्ण दहा वर्षं शिकलेल्यांना १५ टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी दहाही वर्षं कर्नाटकातल्या खेड्यातच हवीत. चंदगडला घातलं तर जाते, आणि बेळगाव शहरात आठवीला आणलं तरी जाते. हे शेवटचं कुणी सांगत नाही. शहरातल्या नावाजलेल्या हायस्कूलसाठी सातवीनंतर गाव सोडलेल्या एका हुशार मुलाच्या वडिलांना बारावीनंतर फॉर्म भरताना हे कळलं, तेव्हा माझ्याकडं येऊन बसले होते. मी काय सांगणार? तीन वर्षं मागं जाता येत नाही. कन्नड माध्यमाचं ५ टक्के आरक्षण आपल्याला नाहीच.

आणि महाराष्ट्राची दारं? ती चंदगडला न जाताही उघडी आहेत. महाराष्ट्र शासन ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतं तिथल्या, मातृभाषा मराठी असलेल्या रहिवाशांसाठी महाराष्ट्राच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात सीमाभाग उमेदवार म्हणून वेगळी सोय आहे. त्यासाठी मुलीनं महाराष्ट्रात शिकलेलं असावं लागत नाही; उलट ती या वादग्रस्त भागातली आहे आणि मातृभाषा मराठी आहे, हे दाखले देऊन सिद्ध करावं लागतं. म्हणजे गावात राहून, आपल्याच हायस्कूलमधून दहावी केली, तर दोन्ही राज्यांचे रस्ते शाबूत. चंदगडला नेली तर एक रस्ता बंद करून दुसरा तसाच राहतो. गंमत पाहा, कर्नाटकानंही आरशातल्यासारखंच केलंय: जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि गडहिंग्लज तालुक्यांतल्या कन्नड मुलांना त्यांच्या सीईटीत गडिनाडू, म्हणजे सीमाभागातले, म्हणून संधी आहे. राज्यं कोर्टात भांडतात, २००४ पासून तो दावा चालू आहे, पण फॉर्मच्या रकान्यात दोघांचं एकमत. अटी दरवर्षी थोड्याफार हलतात, म्हणून त्या त्या वर्षाचं माहितीपत्रक वाचूनच पाऊल टाका.

नवं काय येईल याचीही लोकांना धास्ती असते. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात ५+३+३+४ अशी रचना आहे. कर्नाटकानं ते बाजूला ठेवून स्वतःचं धोरण आखायला २०२३ साली सुखदेव थोरात यांचा आयोग नेमला, त्याचा अहवाल २०२५ मध्ये आला. त्यात पाचवीपर्यंत कन्नड किंवा मातृभाषेतून शिकवण्याची आणि दोनच भाषांची शिफारस आहे. तुमची लेक दहावी होईपर्यंत यातलं तिच्या वर्गात किती पोचेल, माझ्या अनुभवानं फारसं नाही. तिच्यामागून येणाऱ्या धाकट्यांसाठी लक्ष ठेवा.

तर माझा सल्ला असा. गावापासून बसच्या टप्प्यात असलेलं, खेड्यातलंच अनुदानित मराठी हायस्कूल. आधी तिथं एक चक्कर मारा. विज्ञान आणि गणिताला कायम शिक्षक आहे की अतिथी, हे शिपायाला विचारा, तो खरं सांगेल. मागच्या वर्षी दहावीला किती बसले आणि पहिल्या परीक्षेत किती सुटले हे हेडमास्तरांना विचारा. २०२४ पासून एकाच वर्षात तीन परीक्षा असल्यानं शाळा शेवटचा आकडा सांगतात, तुम्ही पहिल्याचा मागा. बाकी रंग, गेट, युनिफॉर्म यांत जाऊ नका.

आणि दाखला घेताना दोन मिनिटं जास्त थांबा. तुमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये 'मातृभाषा' असा रकाना आहे. एका शाळेत, नाव घेत नाही, पहिलीच्या प्रवेशावेळी लिहिणाऱ्यानं शेजारच्या ओळीतलं 'कन्नड' खाली उतरवत नेलं होतं. तो मुलगा बारावीनंतर महाराष्ट्राचा सीमाभागाचा फॉर्म भरायला गेला तेव्हा ते उघडं पडलं. घरात चार पिढ्या मराठी, कागदावर कन्नड. दुरुस्तीला बीईओ, डीडीपीआय करत आठवडे गेले आणि त्या वर्षाची पहिली फेरी हुकली. रजिस्टर बघायला मागा, तो तुमचा हक्क आहे. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख आधारशी अक्षरन् अक्षर जुळते का पाहा; आपल्याकडं कन्नडमधून मराठीत आणि मराठीतून इंग्लिशमध्ये जाताना 'ळ' चा 'ल' होतो आणि आडनाव बदलतं. सॅट्सचा (राज्याचा) आणि पेनचा (केंद्राचा) असे विद्यार्थ्याचे दोन ओळखनंबर दाखल्यावर आहेत ना, ते बघा. आठवीपर्यंत दाखला उशिरा मिळाला म्हणून कुठली सरकारी वा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, कायद्यात तसं स्पष्ट आहे, तेव्हा कुणी 'टीसी आणा, मग बघू' म्हटलं तर मुलीला आधी वर्गात बसवा म्हणून सांगा.

आजींना माझा नमस्कार सांगा. मुलीच्या आईला इंग्लिश पुस्तकाचं ते रोजच्या एका पानाचं सांगा, तिचंही म्हणणं राहील. गणिताचं सुरू करायचं तर आठवीचं पुस्तक आत्ताच मागून घ्या, मे महिन्याच्या सुट्टीत पहिले दोन धडे होतात.